आधी नोंद, मग थेंब

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी तळमजल्यावर चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. खडक आणि वाळू यांची जागा वजा केली आणि खालच्या संपमधले, म्हणजे जोडटाकीतले, पाणी धरले, तर त्यात साधारण २०० लिटर पाणी भरते. त्या पाण्यात पाषाणी प्रवाळांच्या काही वसाहती वाढतात. त्या सगळ्या इथल्याच छंदी लोकांनी आपापल्या टाक्यांत वाढवलेल्या वसाहतींच्या तुकड्यांपासून आलेल्या आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाषाणी प्रवाळांना संरक्षण दिलेले आहे, त्यामुळे हे वाचून तिकडे कोणी अशी टाकी उभारायला घेऊ नये, ही विनंती सुरुवातीलाच करतो.

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्याची सामग्री तो भोवतालच्या पाण्यातूनच घेतो. समुद्रात हा साठा संपण्याचा प्रश्न नसतो, पण २०० लिटरांत तो रोजच पडतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि अल्कलिनिटी, म्हणजे सांगाड्याला लागणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, सुमारे ७ डीकेएच (हे तिचे माप) असते. माझ्या टाकीतले प्रवाळ दिवसाला साधारण १ डीकेएच खातात आणि त्याच वेळी कॅल्शियम लिटरमागे फक्त ७ मिलिग्रॅमने उतरते. म्हणजे कॅल्शियमची गंगाजळी महिनाभर पुरण्यासारखी असते आणि अल्कलिनिटी आठवड्याच्या आत तळ गाठते. या छंदात नव्याने आलेले लोक कॅल्शियमची चिंता करत बसतात, परंतु लक्ष ठेवायचे ते अल्कलिनिटीवर, असे माझे ठाम मत आहे.

ही रोजची तूट भरून काढायचे द्रावण घरी करणे अवघड नाही. १४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण केले, की त्यात ४० ग्रॅम कॅल्शियम येते. इथे हिवाळ्यात दारापुढचा बर्फ वितळवण्यासाठी जे मीठ टाकतात, त्यातल्या काही प्रकारांत हेच रसायन असते. मात्र त्यात रंग किंवा गंजरोधक मिसळलेले असू शकतात, म्हणून मी खाद्य दर्जाचेच आणतो. ते पाण्यात घालताना पाणी चांगलेच तापते, त्यामुळे थोडे थोडे घालून ढवळत राहावे. त्याच्या जोडीचे दुसरे द्रावण धुण्याच्या सोड्याचे असते आणि तो आपल्या खाण्याच्या सोड्यापासून होतो. १६८ ग्रॅम खाण्याचा सोडा पसरट ट्रेमध्ये ओव्हनला १५० अंश सेल्सियसवर तासभर ठेवला, की त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि मागे १०६ ग्रॅम उरतो. मी तासाभराने वजन करतो, पुन्हा पंधरा मिनिटे ठेवतो आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत हे चालू ठेवतो. काट्यावर १०६ चा आकडा दिसला की मला आजही समाधान वाटते. हा सोडा एक लिटर द्रावणात आला, की दोन्ही बाटल्या एकमेकींच्या बरोबरीच्या होतात आणि जितके मिलिलिटर एकीतून, तितकेच दुसरीतून द्यायचे. माझ्या टाकीत सोड्याच्या द्रावणाचा १ मिलिलिटर ०.०२८ डीकेएच वाढवतो, म्हणून दिवसाला ३६ मिलिलिटर लागतात. दोन्ही द्रावणे टाकीत एकत्र आली की मागे साधे मीठही उरते. माझ्या हिशेबाने ते दिवसाला चार ग्रॅमच्या वर जाते, म्हणून पाणी बदलण्याला पर्याय राहत नाही. मॅग्नेशियमचा खप फार कमी असतो. ते मी महिन्यातून एकदा मोजून हातानेच घालतो.

माझी आई साताऱ्याहून आली होती, तेव्हा मी याच कामासाठी बरणीत चुना निवत ठेवला होता. इथल्या दुकानांत लोणच्यासाठी शुद्ध चुना मिळतो, तोच मी वापरतो. आई म्हणाली, "अरे, ही तर चुन्याची निवळी." जगभरचे टाकीवाले जिला कालकवासर या जर्मन नावाने ओळखतात, ती हीच. शाळेत नळीने फुंकर मारून आपण जिला दुधाळ केले होते, तीही हीच. निवळी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही देते आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, घरातल्या हवेत हा वायू साचतो आणि टाकीचा पीएच उतरतो, तेव्हा तिचा मोठा उपयोग होतो. अडचण अशी, की ती बाष्पीभवनाच्या भरपाईच्या पाण्यातून दिली जाते. हीटरने कोरड्या झालेल्या हवेत पाणी भराभर उडते आणि जुलैच्या दमट हवेत निम्मेही उडत नाही, त्यामुळे प्रवाळांची भूक तीच असताना मात्रा मात्र हवेच्या लहरीवर बदलते. म्हणून निवळी मी हिवाळ्यापुरती ठेवली आणि रोजचे काम पंपांकडे सोपवले.

हे पंप पेरिस्टाल्टिक जातीचे, १२ व्होल्टचे आहेत. आतली चाके सिलिकॉनची नळी चेपत फिरतात आणि द्रव पुढे ढकलतात. द्रवाचा स्पर्श फक्त नळीला होतो, त्यामुळे गंजण्यासारखे काही नसते. पंप चालू-बंद करायला एक आर्दुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारे छोटे सर्किट बोर्ड, पुरतो. माझ्या पहिल्या यंत्रात एवढेच होते. वीज मिळाली की आर्दुइनो ३६ मिलिलिटर सोडायचा, २४ तास मोजायचा आणि पुन्हा सोडायचा. आठ महिने ते बिनतक्रार चालले.

२०२३ च्या जुलैत एका संध्याकाळी वादळ झाले आणि दोन तासांत वीज पाच वेळा जाऊन आली. प्रत्येक वेळी आर्दुइनो नव्याने जागा झाला, त्याने दिवसाची पहिली मात्रा समजून ३६ मिलिलिटर सोडले आणि मला रात्री उशिरा घरी येईपर्यंत काहीच कळले नाही. काचेवर पांढुरकी झाक होती. चाचणीत थेंबामागून थेंब घालत गेलो, तरी निळा रंग पिवळा होईना. ८.२ ची अल्कलिनिटी १२.६ झाली होती. तिसऱ्या दिवशी बर्ड्स नेस्ट जातीच्या सर्वांत मोठ्या वसाहतीची त्वचा बुडापासून वर सुटत गेली आणि खाली पांढराशुभ्र सांगाडा दिसू लागला. ती वसाहत मी तीन वर्षे वाढवली होती. शेंड्याकडच्या ज्या फांद्या अजून गुलाबी होत्या, त्यांतल्या चार मी कापून खडकावर चिकटवल्या. दोन जगल्या.

दुसरे यंत्र मी त्या रात्रीचा विचार करून बांधले. त्यात डीएस३२३१ हे घड्याळ आहे, त्याला स्वतःची बटन बॅटरी आहे आणि वीज गेली तरी त्याची वेळ चुकत नाही. मात्रा आता दिवसातून १२ वेळा, ३-३ मिलिलिटरच्या हप्त्यांनी जाते. सर्वांत महत्त्वाचा बदल प्रोग्रॅममधल्या दोन ओळींच्या क्रमाचा आहे. आर्दुइनो आधी आपल्या कायम स्मृतीत 'ही मात्रा दिली' अशी नोंद करतो आणि मगच पंप सुरू करतो. नोंद नंतर केली आणि पंप चालू असतानाच वीज गेली, तर परत आल्यावर तीच मात्रा पुन्हा जाते. नोंद आधी केली, तर फार तर एक हप्ता चुकतो. एक हप्ता कमी पडल्याने कोणताही प्रवाळ मरत नाही, हे मला ठाऊक आहे. पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेचे, म्हणजे यांत्रिक स्विचचे, संपर्क चिकटून बसू शकतात, म्हणून रिलेच्या जागी मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच घातला आणि त्याच्या गेटपासून, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकापासून, ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) तारेकडे १० किलोओहमचा रोधक जोडला, म्हणजे आर्दुइनो जागा होत असतानाच्या क्षणभरातही पंप बंदच राहतो.

तरीही मॉसफेट जळून कायमचा चालू राहू शकतो, हे गृहीत धरायलाच हवे. त्यावर मला सापडलेला उपाय इलेक्ट्रॉनिक्सचा नाही. सोड्याच्या द्रावणाचा मोठा कॅन कपाटात असतो आणि पंपाची नळी १२० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत असते. ती मी दर तीन दिवसांनी हाताने भरतो. सगळे काही बिघडून ती पूर्ण रिकामी झाली, तरी अल्कलिनिटी साडेतीन डीकेएचच्या आतच वाढते. प्रवाळांना त्याचा त्रास होईल, पण टाकी हातची जाणार नाही. दोन लिटरचा कॅन थेट जोडलेली यंत्रे मी पाहिली आहेत आणि ती पाहून माझ्या छातीत धस्स होते.

नळ्यांची तोंडे पाण्याच्या वर, एकमेकींपासून हातभर अंतरावर आणि संपमधल्या वाहत्या पाण्यावर ठेवली आहेत. तोंड पाण्यात बुडाले तर उलटसुलट ओढ लागण्याचा धोका असतो आणि दोन्ही द्रावणे जवळजवळ पडली तर तिथल्या तिथे खडूचा भुगा होतो. सोड्याच्या नळीच्या तोंडाशी तरीही पंधरा दिवसांत पांढरी गुठळी धरते. ती नखाने काढून नळी गरम पाण्यात धुवावी लागते. दर महिन्याला मी प्रत्येक पंप मिनिटभर मोजपात्रात चालवून पाहतो, कारण नळी चेपून चेपून सैल होते आणि पंप कळत नकळत कमी देऊ लागतो. मागच्या मोजणीत मिनिटाला २० ऐवजी १८ मिलिलिटर भरले, तेव्हा नळी बदलली.

जगलेल्या दोन फांद्यांपैकी एक आता मुठीएवढी झाली आहे. तिच्या बुडाची त्वचा चिकटवलेल्या जागेवरून उतरून जुन्या वसाहतीच्या सांगाड्यावर पसरू लागली आहे. काल रात्रीची अल्कलिनिटी ८.१ होती.