१९७९ ला ‘हो’ म्हणाले असते तर?
आज कार्डिफ बेला सेनेद, म्हणजे वेल्सची संसद, बघून आलो, वरच्या गॅलरीतनं खाली सभागृह दिसतं, भारीए, पण डोकं अडकलं ते जवळच्या जुन्या कोल एक्सचेंजपाशी (कोळशाच्या व्यापाराची इमारत). वेल्सला स्वतःची असेंब्ली (विधानसभा) हवी का, या १९७९ च्या रेफरंडममधे वेल्स हो म्हणालं असतं तर असेंब्ली तिथं भरणार होती! जवळपास ८० टक्के नाही म्हणाले, विषय संपला. १९९७ ला परत रेफरंडम झालं तेव्हा जमलं, तेही फक्त ६,७२१ मतांनी.
समजा १९८० लाच असेंब्लीची निवडणूक झाली असती तर बहुमत लेबर पक्षाचंच (माझा अंदाज हां), आणि मग ८४ च्या खाणकामगारांच्या संपात तिकडं लंडनला विरोधी पक्षाच्या पंतप्रधान थॅचरबाई नि इकडं लेबरची असेंब्ली, काय राडा झाला असता राव! १९९९ ला प्लाइड कम्रीनं (वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष) लेबरची रोन्डाची जागा घेतली, तो दणका कदाचित दहा वर्षं आधीच बसला असता. या नादात बस चुकली माझी.