चाळीस मिनिटांची एकांकिका उभी करताना

संहिता हातात आली की आम्ही आधी एकच गोष्ट तपासतो : यात काय घडतं ते एका वाक्यात सांगता येतं का? ‘तीन भाऊ वडिलांचं घर विकायला बसतात आणि सहीच्या वेळी धाकटा नकार देतो’, एवढं सांगता आलं तर पुढे जायचं. सांगताना ‘मग पाच वर्षांनी’, ‘मग तिकडे गावाला’ असं यायला लागलं, तर ते दोन अंकी नाटक आहे. त्याला दाबून चाळीस मिनिटांत बसवलं की पात्रं नुसती माहिती देत उभी राहतात. एकांकिकेत पडदा उघडतो तेव्हा ठिणगी पडायला फार तर पाच मिनिटं उरलेली असावीत.

यंदाच्या आमच्या एकांकिकेत सहा पात्रं, एक खोली आणि एक संध्याकाळ होती. स्पर्धेची मर्यादा ४५ मिनिटं. नेपथ्य लावायला १० आणि उतरवायला ५ मिनिटं वेगळी. हे नियम स्पर्धेगणिक बदलतात, म्हणून नियमावली वाचनाच्याही आधी वाचायची. मूळ संहिता ३१ पानांची होती. संवादाचं टाइप केलेलं एक पान आमच्याकडे दीड ते पावणेदोन मिनिटं घेतं. म्हणजे नुसतं बोलणंच पन्नास मिनिटांच्या घरात जात होतं. स्टॉपवॉच लावून पाच दिवस मोठ्याने वाचन केलं आणि संहिता २२ पानांवर आणली. कात्री पहिल्यांदा ओळख करून देणाऱ्या वाक्यांना लागते. थोरल्या भावाने खुर्ची न विचारता ओढून घेतली की तो थोरला आहे हे प्रेक्षकाला दिसतं, ते वेगळं सांगावं लागत नाही. एकच गोष्ट दोन पात्रं दोनदा सांगत असतील तर पहिली वेळ काढायची, दुसरी ठेवायची. तोवर ताण चढलेला असतो, वाक्य तिथे जास्त काम करतं.

ही काटछाट लेखकाला विचारूनच. लेखी परवानगी तालमी सुरू होण्यापूर्वी घ्यावी, तिच्यात बदलांचा उल्लेख असावा. प्रयोगाआधी संहिता तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती पाठवायची ती अंतिम झाल्यावरच, कारण प्रमाणपत्र ज्या संहितेला मिळतं तीच रंगमंचावर बोलायची असते. या कामाला लागणारा वेळ तालमीच्या वेळापत्रकात धरला नाही, तर सगळी धावपळ शेवटच्या आठवड्यात येते.

हालचाली बसवण्याआधी प्रत्यक्ष रंगमंचाचं माप आणलं : दर्शनी उघडी रुंदी, मागपर्यंतचं अंतर आणि दोन्ही विंगांतली मोकळी जागा. ते माप तालमीच्या जागेत जमिनीवर चिकटपट्टीने आखलं. हे केलं नाही तर नेमकं काय बिघडतं? तालमीच्या खोलीत दारापासून टेबलापर्यंत चार पावलं लागतात, रंगमंचावर सात. वाक्य चौथ्या पावलाला संपतं, उरलेली तीन पावलं नट मुकाट चालतो आणि प्रसंगातली हवा जाते. खोली लहान असली तर आम्ही अर्धाच रंगमंच आखतो, पण खऱ्या मापाने.

पाठांतर दहाव्या दिवशी पूर्ण. त्यानंतर प्रॉम्प्टिंग, म्हणजे विसरलेलं वाक्य बाजूने सांगणं, बंद. याबाबत मी हट्टी आहे, कारण एकांकिकेत सावरायला जागाच नसते. दोन अंकी नाटकात पहिला अंक पडला तर मध्यंतरात श्वास घेऊन दुसरा उचलता येतो. इथे मध्यंतर नाही, आणि प्रत्येक महत्त्वाची गोष्ट एकदाच सांगितलेली असते. एखाद्या नटाने पान उडवलं आणि त्या पानावर घर गहाण असल्याचा उल्लेख असला, तर शेवट कुणालाच कळणार नाही. म्हणून आम्ही संहितेत चार वाक्यं लाल शाईने अधोरेखित करतो. त्यांना आमच्यात ‘खुंट्या’ म्हणतात. प्रत्येक खुंटी दोन नटांच्या नावावर असते; पहिल्याकडून ती सुटली तर दुसऱ्याने पुढच्या संवादात कशी आणायची, याचीही तालीम होते. अठराव्या दिवसापासून आम्ही मुद्दाम पानं उडवून पाहतो.

नटाला हा प्रकार इतका का भावतो, ते इथेच कळतं. सहापैकी पाच पात्रं जवळजवळ पूर्ण वेळ समोर असतात. तीन वाक्यांची भूमिका करून विंगेत बसणारा कुणी नाही. ज्याला बोलायचं नाही त्यालाही ऐकायचं असतं, आणि त्याचं ऐकणं दहाव्या रांगेतून दिसतं. भूमिकेचा सगळा चढ एका दमात चढायचा असतो. नवख्या नटाची नेहमीची चूक म्हणजे बाराव्या मिनिटालाच आवाज टिपेला नेणं. पुढे रागाला वर जायला पायरीच उरत नाही. त्यासाठी आम्ही संहितेच्या समासात एक ते दहा आकडे लिहितो. बाराव्या मिनिटाला चार, तिसाव्याला सात, दहा फक्त एकदाच.

नेपथ्य दहा मिनिटांत लागलं पाहिजे, म्हणून ते सहा मिनिटांत लागेल असंच आखावं. आमच्याकडे ६ बाय ३ फुटांच्या दोन लेव्हल (उंचवट्याचे चौथरे), तीन फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या चौकटी), एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक लोखंडी ट्रंक होती. आठ माणसं, प्रत्येकाच्या ठरलेल्या खेपा. आधी लेव्हल, मग फ्लॅट आणि त्यांच्या मागचे टेकू, त्यावर वजनं, मग फर्निचर, शेवटी हातातल्या वस्तू. खिळे-हातोडी पूर्ण टाळली. हाताने पिळता येणारे नट-बोल्ट लावले. विंगेतल्या टेबलावर कागद पसरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढली होती, त्यामुळे चावीचा जुडगा नाही हे पडदा उघडण्यापूर्वीच दिसतं. पहिल्या सरावाला १४ मिनिटं लागली. कारण एकच : दोघे जण फ्लॅट घेऊन आले तेव्हा लेव्हल अजून वाटेत होती. क्रम बदलल्यावर साडेसहा.

प्रकाशयोजनेत हाव धरू नये. स्पर्धेत दिवे आधीच टांगलेले असतात, आपल्याला ते फार तर थोडे वळवून मिळतात. आम्ही रंगमंचाचे तीन भाग धरले आणि सगळ्या एकांकिकेत ११ बदल ठेवले. जुन्या हॅलोजन दिव्याखाली नटाला चेहऱ्यावर ऊब लागते आणि आपण उजेडात आहोत हे कळतं. एलईडीखाली ती ऊब मिळत नाही, म्हणून जागा जमिनीवर खूण करूनच पक्की करावी लागते. ब्लॅकआऊट दोनच, आणि तेही चार आकडे मोजण्याइतके. उजेडातून एकदम अंधारात गेलेल्या नटाला काही क्षण काहीच दिसत नाही. लेव्हलच्या कडांना रेडियमची पट्टी नसेल तर ठेच ठरलेली. अंधार लांबला की प्रेक्षागृहात कुजबुज सुरू होते आणि ती थांबवण्यात पुढचं एक मिनिट जातं.

ध्वनीच्या फाइलींना नावांऐवजी क्रमांक द्यावेत, दोन पेनड्राइव्ह न्यावेत, लॅपटॉपचं इंटरनेट बंद ठेवावं.

शेवटचे सात दिवस रोज एक सलग प्रयोग, ठरलेल्या वेळी, पूर्ण वेशभूषेत. तालमीत आम्ही ४० मिनिटं धरतो. प्रेक्षक हसले तर दोन-तीन मिनिटं वाढतात, नट घाबरून धावले तर तेवढीच कमी होतात. हशा थांबेपर्यंत वाट बघायची नाही. तो निम्म्यावर आला की पुढचं वाक्य उचलायचं.

प्रेक्षकाचं या प्रकारावरचं प्रेम पाहायचं असेल तर पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत जाऊन बसावं. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घेतात. ‘अरे आवाज कुणाचा’च्या आरोळ्यांनी सभागृह दणाणतं आणि तिसरी घंटा झाली की तेच लोक शांत होतात. चतुरंग प्रतिष्ठानच्या ‘सवाई’त तर इतर स्पर्धांमध्ये पहिल्या आलेल्या एकांकिका २५ जानेवारीच्या रात्री सुरू होतात आणि प्रेक्षक सकाळपर्यंत जागतात. एका बैठकीत एकामागून एक वेगळी जगं उघडतात. एखादं नाही आवडलं तरी पाऊण तासात दुसरं समोर येतं. म्हणूनच हा प्रेक्षक नवा विषय, वेगळी बोली, अनोळखी नट मोकळ्या मनाने स्वीकारतो. पण तो सवलत देत नाही, आणि परीक्षकही देत नाहीत : २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडक कोणत्याही संघाला दिला गेला नव्हता. माझ्या मते आज संघांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे संहितेतली पोकळी दिव्यांनी आणि पार्श्वसंगीताने भरणं. ती आम्ही अशी पकडतो : एक तालीम ट्यूबलाइटच्या उजेडात, संगीताशिवाय, नुसत्या खुर्च्या मांडून. तिथे कंटाळा आला तर दोष संहितेत किंवा अभिनयात आहे.

प्रयोगाच्या वेळी विंगेत एक जण संहितेची प्रत आणि घड्याळ घेऊन बसतो. हशा कुठे आला, कुठे अपेक्षित असून आला नाही, खोकले कधी सुरू झाले, सगळं समासात वेळेसकट. यंदा प्रयोग ४२ मिनिटांवर संपला आणि खोकले २३व्या मिनिटाला सुरू झाले. तिथे धाकट्याचं सव्वा पानाचं बोलणं आहे. ते आता नऊ ओळींचं झालंय. पुढच्या प्रयोगाआधी लेखकाची संमती आणि मंडळाकडची नोंद, ही दोन कामं यादीत वर आहेत.