बोटभर फट

डॉक्टरांच्या थारचं डावं दार आणि ऐनाचं खोड यांच्यात माझं एक बोट जेमतेम जात होतं. बोट तसंच सरकवत मी मागं नेलं. हँडलजवळ फट इतकी बारीक झाली की नख सालीला घासलं. ऐनाची साल ज्यांनी जवळून बघितली आहे त्यांना कळेल. मगरीच्या पाठीसारखे चौकोनी खवले, पावसाने भिजून काळे पडलेले, आणि प्रत्येक खवल्याची कड पटाशीसारखी. दोन खवल्यांच्या भेगेत नखाएवढी गोगलगाय चिकटून बसली होती. गाडी अजून अर्धा इंच सरकली असती तर आधी ती गेली असती, मग दार.

“सर, इंजिन बंद करा. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, आणि ब्रेकवरचा पाय काढू नका.”

मागच्या गाडीतून कोणीतरी ओरडत होतं, “रेस द्या, निघंल!” डॉक्टरांनी रेस दिली नाही. त्या दिवशी पुढचं सगळं जमलं ते या एका गोष्टीमुळे.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. आधी ग्रिल, ट्रॉल्या, शेतीची अवजारं करायचो. मग जंगलवाटांवर फिरणारे जीपवाले यायला लागले. सुरुवातीला सगळ्या जिप्सीच असायच्या. 2019 ला जिप्सीचं उत्पादन थांबलं आणि आता थार, जिम्नी येतात. डॉक्टरांच्या थारला स्लायडर, म्हणजे दाराखालचा संरक्षक पाइप, मीच बसवला होता. म्हणून श्रावणात त्यांचा सात गाड्यांचा ग्रुप आजऱ्याकडच्या एका खाजगी काजूबागेत निघाला तेव्हा, “मिस्त्री, तुम्ही बरोबर चला,” असं त्यांनीच सांगितलं. बागेचे मालक सत्तरीचे, सगळे त्यांना आबाच म्हणतात.

बागेतली वाट उताराला आडवी खोदलेली. उजवीकडे चढ, डावीकडे उतार, खाली ओढा. आबांनी ती त्यांच्या जुन्या जिप्सीपुरती केलेली. जिप्सीची रुंदी 1540 मिलिमीटर, आत्ताच्या थारची 1820. म्हणजे त्याच वाटेवर अकरा इंच जास्त गाडी. आदल्या रात्री पाऊस झोडपून गेलेला. पहिल्या तीन गाड्या गेल्या आणि त्यांच्या चाकांनी तांबड्या मातीला लोण्यासारखी झिलई आणली. चौथी डॉक्टरांची. वळणावर मागची चाकं आडवी घसरली, गाडी डावीकडे कलली आणि खालच्या ऐनापाशी येऊन थांबली.

थांबली कशी, ते मी गुडघ्यावर बसून बघितलं. स्लायडर म्हणजे दाराखाली दोन्ही बाजूंनी जाणारा पाइप. मी दीड इंची सी-क्लास वापरतो, बाहेरून 48 मिलिमीटर, जाडी 4. तो चासीवर, म्हणजे गाडीखालच्या सांगाड्यावर, धरलेला असतो, बॉडीवर नाही, आणि मागच्या टोकाला त्याला बाहेर काढलेला कोपर असतो. झाड दाराच्या बाजूने मागं आलं की हा कोपर गाडीलाच झाडापासून ढकलतो. मागच्या चाकावरचा पत्रा त्याने वाचतो. दार चेपलं तर सोडवून नवीन लावता येतं, पण तो मागचा पत्रा बॉडीला वेल्ड केलेला असतो. तो चेपला की कापाकापी आणि पुट्टी, आणि मग गाडी कधी पहिल्यासारखी होत नाही.

ऐनाचं खोड बुंध्याशी रुंद होत गेलेलं होतं आणि कोपर बरोबर त्या बुंध्यावर येऊन बसला होता. वर झाडही उताराकडे थोडं झुकलेलं, म्हणून छताची कड सुटली होती. बुंधा सरळसोट असता तर स्लायडर असूनही दार गेलं असतं. हे मला तिथं बसल्यावर नीट उमगलं. स्लायडर मी दारापेक्षा चार इंच बाहेर काढतो. गाडी सपाटीवर असेल तर झाड आधी त्यालाच लागतं. पण गाडी साधारण दहा अंश कलली की दाराची वरची कड आणि स्लायडर एका रेषेत येतात. त्याहून जास्त कललेल्या गाडीत आधी दार लागणार, मग आरसा, मग छत. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना “आता झाडाची काळजी नको” असं सांगत आलो होतो. ते सांगणं अपुरं होतं आणि त्याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

आबा काठी टेकत आले. गाडी बघितली, झाड बघितलं, आणि गड्याला म्हणाले, “जा रं, कुऱ्हाड घिऊन ये.” मग माझ्याकडे वळून, “मिस्त्री, तोडू या झाड. माझंच हाय. डाक्टरांच्या गाडीचं नुकसान नको.”

माणूस किती मोठ्या मनाचा! पण मी हात जोडले. “आबा, नगासा. ह्या झाडानंच गाडी धरलीया. झाड गेलं की गाडी सरळ वड्यात.” खरंच तसं होतं. पावणेदोन टनांच्या गाडीचा आडवा रेटा त्या एका बुंध्यावर होता. शिवाय ऐन हे अनुसूचित झाड आहे. 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यानुसार ते स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. आबांनी गड्याला परत बोलावलं आणि स्वतः तिथंच दगडावर बसले, शेवटपर्यंत.

पहिलं काम गाडीची शेपूट बांधायचं. वरच्या अंगाला एक जाडजूड हिरडा होता. त्याच्या बुंध्याला तीन इंच रुंदीचा कापडी पट्टा गुंडाळला. झाडाला वायररोप किंवा साखळी थेट कधीच लावू नये. ताण आला की ती सालीत घुसते, सालीखालचा जिवंत थर चारी बाजूंनी कापला जातो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. पट्ट्याला माझी दांड्याने ओढायची दीड टनी चेनपुली अडकवली आणि दुसरं टोक थारच्या मागच्या हुकाला, चासीवर. विंच, म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसवलेलं दोर गुंडाळायचं यंत्र, जोरात आणि एकदम ओढतो. चेनपुली हाताने एकेक दात सरकते. इथं मला दातादाताने सरकणारं काहीतरी हवं होतं. साखळीवर जाड ओलं गोणपाट टाकलं, तुटलीच तर उसळू नये म्हणून, आणि सगळ्यांना त्या रेषेतून लांब उभं केलं. साखळी ताठ झाल्यावर पोटातली धडधड जरा कमी झाली.

मग चढाकडची दोन चाकं. त्यांच्या हवेचा दाब 18 psi वरून 10 वर आणला आणि माझ्या हेल्परने दोन्ही चाकांखालची माती खोऱ्याने वीतभर काढली. गाडी जिकडे पडते आहे तिकडे खणायचं नाही, उलट अंगाला खणायचं. वरची चाकं खाली बसतात, गाडी चढाकडे कलते आणि दार झाडापासून आपोआप लांब येतं. हेल्पर खणत होता आणि मी फटीत बोट ठेवून बसलो होतो. एक बोट. थोड्या वेळाने दोन बोटं, सैल.

मध्ये घालायला कोणीतरी गोणपाट पुढे केलं. मी घेतलं नाही. चिखलातलं गोणपाट म्हणजे सँडपेपर. पत्रा वाचला तरी रंग जातो. माझ्याकडे जुन्या टायरचा हातभर लांब तुकडा होता. तो पाण्याने धुऊन, गुळगुळीत बाजू दाराकडे करून फटीत सोडला.

आता चेनपुली. हेल्पर दांडा ओढायचा, मी आकडा नाही, बोटं सांगायचो. “तीन. थांब. अजून एक दात. चार.” शेपूट चढाकडे येत होती. मूठ बसेल इतकी फट झाली तेव्हा कोपर बुंध्यावरून सुटल्याचा ‘टक्क’ असा आवाज आला आणि आबा एकदम उठून उभे राहिले.

शेवटी पुढचा विंच. त्याचा दोर पुढे उजवीकडच्या झाडाला पुली लावून दुहेरी केला. वेग निम्मा होतो, ताकद दुप्पट. डॉक्टरांना सांगितलं, “सर, स्टिअरिंग उजवीकडे धरा, रेस अजिबात नको, चाक फिरलं की मागचं परत घसरंल.” मागं चेनपुली जितकी सोडायची तितकीच सोडत, पुढं विंच जितका ओढायचा तितकाच ओढत, आठ फूट अंतराला आम्हाला अडीच तास लागले. गाडी सपाटीला आली तेव्हा डॉक्टरांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. ते थरथरत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाही. मीही बोललो नाही.

दारावर ओरखडा नव्हता. कोपराची पावडर कोटिंग गेली होती, आत पाइप दोन मिलिमीटर दबलेला.

“रेस द्या” म्हणणाऱ्यांच्या गाडीचं मात्र त्याच दुपारी, मागं वळताना, एका तुटक्या बुंध्यावर टेकून नुकसान झालं. त्यांचा फूटस्टेप दिसायला माझ्या स्लायडरपेक्षा देखणा होता, पण तो बॉडीच्या पत्र्यावर बोल्टने धरलेला. बुंध्याने तो वर ढकलला, त्याने दाराखालची पट्टी वर ढकलली आणि दार उघडेना. काहीच लावलं नसतं तर त्यांचं नुकसान कमी झालं असतं, हे त्यांना सांगताना मला जड गेलं, पण सांगितलं. पायरी आणि स्लायडर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायरीवर माणूस चढतो, स्लायडरवर गाडी बसते.

फांद्यांच्या वायरचंही तसंच. बोनेटच्या पुढून छताच्या कॅरिअरपर्यंत दोन्ही बाजूंना 4 मिलिमीटरची स्टीलची वायर ताणली की काजूच्या खाली आलेल्या फांद्या काचेवर न आपटता वर उचलल्या जातात. पण मनगटापेक्षा जाड फांदी त्या वायरचं काम नाही. तिथं उतरायचं, फांदी हाताने वर धरायची आणि गाडी काढायची. वायरचं खालचं टोक लोक बुलबारला, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी बारला, बांधतात. 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्राने असे बार बेकायदा ठरवून कारवाईचे आदेश दिले, त्यामुळे मी ते बनवत नाही. चासीच्या बोल्टवर छोटा ब्रॅकेट देतो आणि वायर हुकाची ठेवतो. डांबरी लागली की काढून डिकीत.

आता स्लायडर न्यायला येणाऱ्याला मी आधी विचारतो की तुम्ही जाता त्या वाटा किती आडव्या कलतात. उत्तर ऐकून कोपर किती बाहेर काढायचा ते ठरवतो आणि दहा अंशांची गोष्ट फरशीवर खडूने काढून दाखवतो. काहीजण कंटाळतात. तरी दाखवतो.

उरलेल्या तीन गाड्या मी त्या वळणावर येऊ दिल्या नाहीत. सामान आवरत होतो तेव्हा आबा ऐनाजवळ वाकून, कोपर टेकला होता तिथं हात फिरवत होते. दोन खवले निघाले होते, खालचा तांबूस भाग दिसत होता. त्यांनी गड्याकडून शेण-मातीचा काला मागवून तिथं थापला आणि मला म्हणाले, “मिस्त्री, त्यो टायरचा तुकडा हितंच ऱ्हाऊ द्या की. माझी जिपबी हितनंच जाती.”

आम्ही तो तुकडा बुंध्याला काथ्याने बांधला. आबांनी दोरीखाली दोन बोटं घालून बघितली आणि म्हणाले, “अजून सैल सोडा. झाड वाढतंय.”