आमची वाटचाल : ट्यूब काढण्याआधी रिम पाहणारे वर्कशॉप

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली आणि त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या सायकलींत गिअरवाल्या वाढू लागल्या. त्र्यंबक रस्त्याच्या कडेला पडलेल्या बाभळीच्या काट्यांपुढे त्यांच्या ट्यूब टिकत नसत. टायरमध्ये ओतलेले सीलंट हे द्रव मात्र तसली भोके चाक फिरता फिरताच बुजवते, म्हणून साधी चाके ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवाय थेट टायरमध्ये हवा धरणारी, करून देण्याचे काम आम्ही हाती घेतले.

या कामात माझे पहिले भागीदार होते पंक्चरच्या धंद्यात हयात घालवलेले एक काका. रिमच्या सांध्यावरून ते अंगठ्याचे नख फिरवत आणि नख अडले की ती रिम बाजूला ठेवत. आऱ्यांच्या निपलांवरची जुनी पट्टी काढून रिम स्पिरिटने पुसायची, आतील रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद टेप ताणून दोन्ही भिंतींपर्यंत बसवायची आणि व्हॉल्व्हचे भोक कात्रीने न कापता तापवलेल्या दाभणाने पाडायचे, म्हणजे टेप तिथून फाटत नाही, हा त्यांचा क्रम होता. मग ट्यूब घालून हवा भरायची आणि टेप दाबली जावी म्हणून चाक रात्रभर तसेच ठेवायचे. ते दाभण अजून आमच्या टेबलावर आहे.

पुढे जवळच दुसरे दुकान उघडले आणि आमच्या निम्म्या दरात तेच काम करून देऊ लागले. तिथे रिमवर विजेच्या वायरची चिकटपट्टी गुंडाळत, ट्यूबसाठी बनवलेला साधा टायर चढवत आणि कॉम्प्रेसरने वाटेल तेवढी हवा ठासत. साध्या टायरची कड ट्यूबलेस टायरच्या कडेइतकी घट्ट नसते आणि साध्या रिमला ती कड धरून ठेवणारा उंचवटा बहुधा नसतो. त्यामुळे जास्त दाबाखाली टायर रिमवरून एकदम उडू शकतो. कसारा घाट उतरताना एका तरुणाच्या बाबतीत तेच घडले आणि त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले. ते चाक आमच्याकडचे नव्हते, तरी ‘ट्यूबलेस म्हणजे अपघात’ हे वाक्य गावभर झाले आणि गिऱ्हाईक आमचेही तुटले. कॉम्प्रेसरच्या कर्जाचे हप्ते थकले, साठवलेले सीलंट बाटल्यांतच घट्ट होऊन गेले आणि जागेच्या मालकांनी दुकान सोडण्यास सांगितले. ज्या दुकानाने ते चाक केले होते त्यांनी पाटी बदलून दुसरा धंदा सुरू केला. त्यांना कोणी जाब विचारला नाही, याची खंत मला आजही आहे.

त्या काळात शाळेतले एक सर आमच्याकडे येत राहिले. गंगापूर धरणाकडे रोज जाणाऱ्या त्यांच्या सायकलीची चाके आम्हीच केली होती. आपल्या सायकल गटाला घेऊन ते दुकानात आले आणि त्यांनी माझ्याकडून सगळ्यांसमोर एक चाक पहिल्यापासून बांधून घेतले. टायरची कड ‘टक टक’ करत जागेवर बसली, साबणाच्या फेसात एकही बुडबुडा आला नाही, आणि त्यानंतर कामे पुन्हा सुरू झाली. नंतरची वर्षे सुरळीत गेली.

ज्यांच्याकडे साधी चाके आहेत त्यांना माझे सांगणे आहे की रिम डबल वॉलची, म्हणजे दुहेरी भिंतीची, असावी आणि टायरवर ट्यूबलेस असे छापलेले असावे. रिम व टायर यांवर लिहिलेल्या कमाल दाबांपैकी जो कमी असेल तो कधीही ओलांडू नये. रिमला आतून हूक, म्हणजे टायरची कड अडकवणारी वळलेली कडा, नसेल, तर ही मर्यादा जास्तीत जास्त ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, समजावी. व्हॉल्व्हची चकती हातानेच आवळावी, कारण पक्कडीने आवळली तर रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आल्यावर ती सुटत नाही. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून आतला आवाज ऐकावा आणि सुटी ट्यूब नेहमी सोबत ठेवावी.

दांड्यांच्या ब्रेकच्या जुन्या २८ इंची सायकलींची चाके आम्ही आजही ट्यूबलेस करत नाही. गिऱ्हाईकाने कितीही आग्रह धरला तरी त्यांना जाड ट्यूब आणि नवी रिमपट्टी घालूनच परत देतो.