रंग आधी घालवावा की नंतर

लाल गुलाबाचा एक जुना फोटो दुपारी सापडला. कॅमेऱ्याची सेटिंग कृष्णधवल ठेवून काढलेला. त्यात फूल शोधावं लागत होतं, कारण पाकळ्या आणि पानं दोन्ही जवळपास एकाच राखाडीत उतरली होती. सोबतची रॉ, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची फाइल, उघडून लाल रंगाचा स्लायडर उजवीकडे नेला, तर पाकळ्या झळकन उजळल्या. डावीकडे नेला, तर काळ्याकुट्ट.

म्हणजे कृष्णधवल फोटोसाठी 'रंग कॅमेऱ्यात नको, नंतर कॉम्प्युटरवर घालवा' म्हणणाऱ्यांचं बरोबरच आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर बायरची जाळी, म्हणजे रंगीत फिल्टरांची चौकट असते, दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. त्यामुळे रंग टिपला जातोच. कृष्णधवल जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानंच तयार करून दिलेल्या फोटोत, कॅमेरा तो फेकून देतो आणि उरतात २५६ छटा. १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. वाद संपला.

पण मला वाद संपवायचा नसतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर रंग दिसला की माझी नजर लाल छत्रीमागे धावते, उजेड कुठून येतोय ते बघायचं राहून जातं. शिवाय ट्यूबलाइटमध्ये चेहरे हिरवट आले की 'कर कृष्णधवल, कलात्मक दिसेल' हा जो उद्योग चालतो, त्याचा मला मनस्वी राग आहे. रॉ कॉम्प्युटरवर घेतानाही तसंच. यादीत फोटो कॅमेऱ्याच्या सेटिंगप्रमाणे क्षणभर करडा दिसतो, आणि बघता बघता सॉफ्टवेअर त्यात भसकन रंग ओततं. कुणी सांगितलं होतं?

लहानपणी अल्बममध्ये आजोबांचा एक फोटो होता, स्वेटर घातलेला. आजी म्हणायची स्वेटर मरून होता, आत्या म्हणायची बाटलीहिरवा. अल्बम उघडला की भांडण ठरलेलं. बटर पेपर उलटून दोघी त्याच राखाडीवर बोट ठेवायच्या आणि दोघींना आपापला रंग स्पष्ट दिसायचा. ती फिल्म लाल रंगाला आंधळी, म्हणजे ऑर्थोक्रोमॅटिक असती, तर मरून स्वेटर काळाच उतरला असता; फोटोत तो राखाडी, म्हणजे आत्या जिंकली असती. रॉ असती तर भांडणच झालं नसतं, आणि त्या स्वेटरविषयी मला काहीच आठवलं नसतं.

२०१२ साली लायकानं रंगाची जाळीच नसलेला कॅमेरा काढला. त्यात मागे फिरायची सोयच नाही. एवढा धीर माझ्यात नाही, म्हणून मी रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवतो. कार्ड लवकर भरतं. भरू दे.