पेन्सिलने लिहिलेलं ८४२

रविवार, रात्री साडेदहा.

व्हेल्क्रो निघाला, एवढंच झालं. अण्णांनी बनवलेल्या, रेडिओवर उडणाऱ्या विमानाच्या बॅटरीच्या खणातली जुनी पट्टी उन्हाने सुटत आली होती. ती आज ओढून काढली आणि खाली डेप्रॉनवर, म्हणजे फोमच्या पत्र्यावर, पेन्सिलची अक्षरं निघाली. '८४२ ग्रॅ. सीजी ५८. उजवीकडे २°.' वजन, तोलाचा बिंदू (सीजी) आणि मोटरचा कोन. 'ग्रॅ.'चा अर्धा भाग गोंदाबरोबर निघून आलाय. दोनाची शेपटी पार खालपर्यंत ओढलेली. अण्णा दुधाच्या हिशेबातही दोन असाच काढायचे.

तेव्हापासून चैन नाही.

विमान स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, बॅटरीसकट, माळावर नेताना असतं तसं. १११८. काटा बंद करून पुन्हा लावला, तरी १११८. म्हणजे २७६ ग्रॅम माझ्या हातून चढले. सकाळी उतरताना डावा पंख धाडकन पडला होता, त्याचं कारण मी दिवसभर वाऱ्यात शोधत होतो. सासवडच्या बाजूला ऊन वर आलं की वारा उठतोच, त्यामुळे त्याला बोल लावणं सोपं जातं. विमानाला काही झालं नाही, फक्त एक पात्याचं टोक तुटलं. पण काट्यावरचा आकडा काही डोळ्यांपुढून हलत नाही.

एकेक बदल बरोबर होता. हेच मला कळत नाहीये. एकही गोष्ट हौस म्हणून लावलेली नाही, प्रत्येकीला कारण होतं. मग सगळं मिळून असं कसं झालं?

सुरुवात बॅटरीपासून झाली. अण्णांनी तीन सेलची १३०० एमएएचची लिपो बॅटरी धरून विमान बेतलं होतं, ११५ ग्रॅमची. मी २२०० लावली, १८२ ग्रॅमची. वजन ६७ ग्रॅम वाढलं. हवी होती फक्त दोन मिनिटं जास्त. त्या दिवाळीत ती दोन मिनिटं का हवी होती, ते इथे नको.

नवी बॅटरी लांबीला जास्त, जुन्या खणात पुढे जाईना. मधली भिंत कापायचा धीर झाला नाही म्हणून ती मागे, पंखाखाली सरकवली. जुनी बॅटरी सीजीच्या पुढे १४ सेंमीवर होती: ११५ गुणिले १४, म्हणजे १६१०. नवी ६ सेंमीवर: १८२ गुणिले ६, म्हणजे १०९२. पुढच्या बाजूचे ५१८ कमी पडले. ते भरून काढायला फायरवॉलला, म्हणजे नाकातल्या मोटरच्या भिंतीला, २० सेंमीवर, २६ ग्रॅम शिसं चिकटवलं. जड बॅटरी बसवली आणि त्यावर नाक हलकं झालं म्हणून शिसं घातलं! त्या वेळी आकडेमोड चोख केली होती, वहीत आहे. भिंत मात्र कापली नाही. डेप्रॉनची पाच मिलीमीटरची भिंत, दहा मिनिटांचं काम.

मग लूप मारताना पंख वाकायला लागले. साहजिक होतं, भार वाढला होता. ८ मिमी जाडीची एक मीटरची कार्बन ट्यूब घातली, ३४ ग्रॅम. आता ट्यूब सरळ असते, आणि अण्णांचा पंख सरळ नव्हता. मधून वाकवून दोन्ही टोकं साडेपाच सेंमी वर उचललेली होती. ट्यूब बसवायला पंख सपाट करावा लागला.

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गोम इथेच आहे असं आता वाटतंय.

टोकं वर उचललेली असली, म्हणजे डायहेड्रल असला, की विमान एका अंगाला कललं तर ते त्या अंगाला घसरायला लागतं. घसरताना समोरची हवा तिरकी येते. खालच्या पंखाला ती जास्त कोनात लागते आणि वरच्याला कमी. खालचा पंख जास्त उचलला जातो आणि विमान आपणहून सरळ होतं. रडर, म्हणजे शेपटीची उभी झडप, मारलं तरी हीच तिरकी हवा विमानाला वळणात कलवते, म्हणून अशा विमानाला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, लागतच नाहीत. थ्रॉटल, रडर, एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप), बस्स. रेडिओ विमानांची सुरुवातच अशी झाली. अमेरिकेतल्या गुड बंधूंचं 'गफ' १९३७ साली उडालं, ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं हौशी लोकांकडे एकच बटण असायचं. आत पिळलेल्या रबरावर चालणारी खिटी, आणि रडर एकतर पूर्ण डावीकडे, नाहीतर पूर्ण उजवीकडे. अर्धवट काही नाही, बटण सोडलं की मधोमध. बटण सोडल्यावर विमानाने स्वतःला सावरलं नाही तर गेलंच. ती माणसं पंखाच्या कोनावर विसंबून होती.

अण्णा म्हणायचे, "हात सोड. बघ, ते स्वतः काय करतंय." मी सोडायचो. दोन-तीन सेकंद डोलायचं आणि सरळ व्हायचं.

आता हात सोडता येत नाहीत. किती दिवस झाले, मला हे जाणवलंसुद्धा नव्हतं. बोटं स्टिकवरून निघतच नाहीत, ही सवय कधी लागली?

पुढचं भराभर लिहितो. पंख सपाट झाल्यावर नुसत्या रडरने वळेना, म्हणून एलेरॉन कापले. ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), वायरी, हॉर्न, पुशरॉड धरून ३४ ग्रॅम. जड विमान पोटावर उतरवताना तळ चिरायला लागला, म्हणून ३ मिमी तारेचे पाय आणि चाकं, ४८ ग्रॅम. चिरा झाकायला टेप, २१. उतरण्याचा वेग आवरेना म्हणून फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली वाकवायच्या झडपा, त्यांचे सर्व्हो पुन्हा ३४. एकूण सहा सर्व्हो झाले. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीतला बीईसी, म्हणजे सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज देणारा भाग, लिनिअर आहे; ११.१ व्होल्टचे ५ करताना उरलेले ६.१ तो उष्णतेत घालवतो. सर्व्होंनी एक अँपिअर ओढला तरी सहा वॉट नुसते तापण्यात जातात. तो दमला की रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि हवेत तो क्षण फार मोठा असतो. म्हणून वेगळा स्विचिंग बीईसी बसवला, १२ ग्रॅम. हे लोकांनी करावंच. सहा सर्व्हो लिनिअरवर चालवू नयेत.

बेरीज २७६ येते. काटा खोटं बोलत नव्हता.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते? वजन १.३३ पट झालं की सरळ उडायला लागणारी शक्ती दीडपट होते. बॅटरीची क्षमता १.७ पट वाढली होती, त्यातला बहुतेक भाग तिथेच खर्च झाला. आधी ७ मिनिटं ४० सेकंदांना उतरवायचो, प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या आसपास असताना. आता जेमतेम साडेआठ मिनिटं होतात. चाकांचा हवेला होणारा अडथळा वेगळाच. दोन मिनिटं हवी होती, एकसुद्धा पुरती मिळाली नाही.

हे लिहिताना घसा दाटून आला. विमानाचं वजन वाढलं म्हणून कोणी रडतं का? पण त्यांच्या हातची एवढी एकच उडती वस्तू माझ्याकडे राहिली होती. ती सांभाळतोय, सुधारतोय, असं मला वाटत होतं. आईने मध्ये एकदा विचारलं होतं, "अजून तेच विमान आहे ना?" मी हो म्हणालो होतो. राहू दे.

पंख का पडला, ते आता लिहून ठेवतो. पंखाचं क्षेत्रफळ २४ चौरस डेसीमीटर. आधी दर डेसीमीटरला ३५ ग्रॅम भार होता, आता साडेशेहेचाळीस. ज्या वेगाखाली पंख हवा सोडतो तो वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो. ढोबळमानाने ताशी २७ किमीचे ३१ झाले. मी मात्र अजून जुन्याच चालीने उतरवतो. डोळ्याला तोच वेग 'बरोबर' वाटतो, कारण तो अण्णांच्या विमानाबरोबर बसलेला आहे. शेवटच्या वळणात थ्रॉटल कमी, नाक जरा वर, आणि डावं टोक स्टॉल झालं. पंख पडला की हात आपोआप स्टिक उजवीकडे ढकलतो. त्याने डावं एलेरॉन खाली जातं, त्या टोकाचा हवेशी कोन आणखी वाढतो, आणि काठावर असलेलं टोक पुरतं सुटतं. करायचं असतं वेगळंच: नाक खाली, थ्रॉटल थोडं वर, आणि उजवं रडर. एलेरॉनला हात लावायचा नाही. वेग आला की मग. शिवाय आपटण्याचा जोर वजन आणि वेग दोन्हींनी वाढतो, तो पावणेदोनपट झालाय. एक पात्याचं टोक तुटण्यावर निभावलं, हे नशीबच.

म्हणजे एकेक बदल बरोबर होता तो असा. प्रत्येक बदल आधीच्या बदलावरचा इलाज होता. मूळ विमानाला त्यातल्या कशाचीच गरज नव्हती. बॅटरी मागे ठेवली तिथे पहिली गाठ पडली, आणि पुढच्या सगळ्या गाठी त्या गाठीवर मारत गेलो.

साडेअकरा.

मघाशी ट्यूब उपसून काढायचं मनात आलं होतं. कटर हातात घेतला होता, ठेवून दिला. शांतपणे पाहिलं तर हेही विमान वाईट नाही. वारा ताशी १५ किमीच्या वर गेला की ८४२चं विमान पतंगासारखं हेलकावे खायचं, हे वाऱ्यात घुसतं. रोल सरळ रेषेत मारतं. याला याच्या वेगाने उतरवायला हवं, एवढंच. वेगळं विमान आहे. आईला मी सांगितलं ते खरं नव्हतं, पण मी खोटंही बोललो नव्हतो.

आणि पंख तर रबरबँडनेच बसतो, चार-चार दोन्ही बाजूंना, शेवटचे दोन आडवे. पाय दोन स्क्रूंनी निघतात. शिसं गरम पाण्याच्या फडक्याने सुटेल, हॉट ग्लूच आहे. मग दुसरा पंख का करू नये?

५ मिमी डेप्रॉनचे ६०० बाय २०० मिमीचे दोन तुकडे. डेप्रॉनला एक बाजू सहज वाकते आणि एक अडते. कापण्याआधी पत्रा दोन्हीकडे हलके वाकवून बघायचा आणि सहज वाकणारी बाजू रुंदीच्या दिशेला ठेवायची, म्हणजे टेबलाच्या कडेवरून ओढताना घडी न पडता बाक येतो. मधल्या जोडाला ३ मिमी प्लायचा उथळ व्ही. फेव्हीक्विक अजिबात नाही, डेप्रॉन विरघळतो. फेव्हिकॉलही जोडाला नको, दोन फोमच्या मध्ये हवा लागत नाही आणि आतून तो दिवसचे दिवस ओला राहतो. तीस मिनिटांचं इपॉक्सी. जोडताना एक अर्धा पंख टेबलावर सपाट दाबून ठेवायचा आणि दुसऱ्याचं टोक ११ सेंमी उचलायचं, म्हणजे दोन्हीकडे साडेपाच-साडेपाच होतात. फळीवरची दोन जाड पुस्तकं एकावर एक ठेवून मोजली, साडेदहा भरतात. वर एक वही.

मधली भिंतही कापायची, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या जिथे हव्या तिथे बसतील. सीजी ५८च. मोटरचा उजवीकडचा २° कोन अजून तसाच आहे, वॉशर हलले नाहीत. पात्याच्या फिरण्याने नाक डावीकडे ओढलं जातं, त्यासाठी तो ठेवलेला. त्याला मी हात लावला नव्हता.

१३००चा जुना पॅक कपाटातून काढून तपासला. दोन सेल ३.८, एक २.९, आणि मध्ये फुगवटा. तो चार्जरला लावायचा नाही. नवा मागवायला हवा, ११५ ग्रॅमच्या आसपासचाच.

व्हेल्क्रोची नवी पट्टी मात्र आत्ताच लावली. खणाच्या बाजूच्या भिंतीला. तळ मोकळा ठेवलाय.