नसलेल्या विमानाची वेळ

नकाशावरची दोन छोटी विमानतळे निवडावीत, शक्यतो एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली, आणि संगणकाला त्यांच्यातले अंतर विचारावे, असा माझा एक निरुपद्रवी छंद आहे. उत्तर क्षणात येते, ‘अंतर ३१२ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ ५३ मिनिटे’, आणि ते इतक्या ठामपणे येते की आता खिडकीजवळची जागा हवी का, एवढेच विचारायचे राहिले आहे असे वाटावे.

यातल्या अंतराबद्दल माझी तक्रार नाही. पृथ्वी ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे असे धरून, दोन्ही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून त्या गोलाच्या पाठीवरचा सर्वांत आखूड मार्ग मोजला जातो. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असली, तरी त्यामुळे पडणारा फरक शेकड्याला अर्ध्याच्या आसपासच राहतो. खरी गंमत वेळेत आहे. ताशी आठशे किलोमीटर वेग धरायचा आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास टाकायचा, असा एक सोपा ठोकताळा आहे. माझी ५३ मिनिटे त्यातूनच येतात. पण आठशेचा वेग हा उंचावरून जाणाऱ्या जेट विमानाचा. आखूड धावपट्टीच्या विमानतळांवर बहुधा पंख्याची विमाने येतात, आणि एटीआर ७२ सारखे विमान ताशी पाचशेच्या आसपास चालते. शिवाय वेळापत्रकात छापलेली वेळ हवेतली नसतेच. विमान जागचे हलते तेव्हापासून ते दुसरीकडे चाकांना पुन्हा अडसर लागेपर्यंतची ती वेळ असते, त्यामुळे धावपट्टीच्या तोंडाशी ताटकळणेही तिच्यात धरलेले असते.

वाऱ्याचा हिशेब तर फार लबाड आहे. तीनशे किलोमीटर जायला पाचशेच्या वेगाने ३६ मिनिटे लागतात, म्हणजे जाऊन-येऊन ७२. आता ताशी पन्नास किलोमीटरचा वारा जाताना समोरून आणि येताना पाठीमागून आहे असे धरा. जायला ४० मिनिटे लागतात, यायला जेमतेम ३३. वाऱ्याने जाताना घेतलेले येताना पुरते परत केलेले नसते.

एवढी बेरीज-वजाबाकी झाल्यावर लक्षात येते की या दोन विमानतळांमध्ये विमानच जात नाही. दोन्हीकडून विमाने जातात ती कुठल्यातरी मोठ्या शहराकडे. तिथे उतरायचे, चार-पाच तास बसायचे आणि मग दुसऱ्या विमानाने जवळजवळ आल्या दिशेने परतायचे, हा द्राविडी प्राणायाम केला की ५३ मिनिटांचा सबंध दिवस होतो. गाडीने गेलेला माणूस तोवर पोहोचून, जेवून झोपलेलाही असतो.

अर्थात, छोट्या विमानतळांच्या सगळ्याच जोड्या अशा दुरावलेल्या नाहीत. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यात लोगनएअरचे छोटे विमान १९६७ पासून ये-जा करते. अंतर सुमारे २.७ किलोमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या विमानतळाच्या धावपट्टीएवढे. नेहमीचा वेळ दोन मिनिटांच्या आत आणि विक्रम ५३ सेकंदांचा. त्या आकड्याचे माझ्या ५३ मिनिटांशी जुळलेले नाते पाहून मी वरचाच ठोकताळा कौतुकाने या जोडीलाही लावून पाहिला. उत्तर आले तीस मिनिटे बारा सेकंद.